अपघाताचा क्लेम करतो, मग लेकराच्या हक्काचा का नाही?

परभणी-जिंतूर रस्त्यावर ट्रकने कुणाला उडवलं तर चार दिवसांत घरात 'क्लेम'ची चर्चा सुरू होते. ज्याने आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही असा माणूसही विचारतो, "वकील लावला का? क्लेम टाकला का?" मयताच्या जिवाचे पैसे घेता का, असं कुणी म्हणत नाही. कमावता माणूस गेला, घर चालवायचंय, मुलं शिकवायचीत, त्याची भरपाई मिळाली पाहिजे, हे सगळ्यांना पटतं. मशिदीच्या बाहेर उभे असलेले लोक आपणहून वकिलाचा नंबर देतात.

तेच एखाद्या लेकरावर अत्याचार झाला की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागतं. मग दोनच रस्ते बोलले जातात. एक पोलीस केस, दुसरा बैठक. केस केली तर इज्जत जाईल, म्हणून बहुतेकांचा कल बैठकीकडे. त्या लेकराच्या औषधपाण्याचं, शाळेचं, झोपेत दचकून उठण्याचं पुढे काय, हा प्रश्न दोन्हीकडे निघत नाही. पोलीस केसमध्ये प्रश्न असतो आरोपीला शिक्षा होणार का. बैठकीत प्रश्न असतो प्रकरण मिटणार का. लेकरू दोन्हीकडे बाजूलाच बसलेलं असतं.

मला सांगायचंय ते एवढंच, की कायद्यात आणखी दारं आहेत. फौजदारी खटला चालू असताना, तो संपल्यावर, अगदी आरोपी सुटला तरीही उघडी राहणारी दारं. ती त्या लेकराच्या हक्काची आहेत आणि आपल्या समाजाला ती माहीतच नाहीत.

आपल्या जिल्ह्याचंच एक जुनं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात मानवतला बायकांचे आणि लहान मुलींचे खून पडले. आज पन्नास वर्षांनंतरही लोकांना आरोपी माहीत आहेत, तपास करणारे रमाकांत कुलकर्णी माहीत आहेत, खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला हे माहीत आहे. 2024 मध्ये त्यावर वेब सिरीज आली, ती मोबाईलवर गल्लीगल्लीत पाहिली गेली. पण ज्या घरांतल्या पोरी गेल्या त्या घरांचं पुढे काय झालं, त्यांच्या भावंडांना कुणी आधार दिला का, हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. पीडितांसाठी राज्याने भरपाईची योजना केलीच पाहिजे, अशी तरतूद तेव्हा कायद्यात नव्हती. ती 2009 च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357-अ म्हणून आली. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. म्हणजे कायदा बदलला. आपली नजर मात्र अजून आरोपीवरच आहे.

बदलापूरचं प्रकरण तर ताजं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. अनेकांना वाटलं, न्याय झाला. मेलेल्या माणसावरचा खटला तिथेच संपतो. पण त्या मुलींचं बालपण त्या तारखेला पूर्ववत झालं नाही. त्यांचे उपचार, शाळा, पुढची वर्षं हा हिशेब बाकीच राहतो. आरोपी मेला, सुटला, पळाला किंवा सापडलाच नाही, तरी हा हिशेब बाकी राहतो. तो मांडायची जागा म्हणजे भरपाई आणि दिवाणी न्याय.

आता बैठकीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. आपल्या मोहल्ल्यांतल्या बैठका मी पाहिल्या आहेत. जमीन, दुकान, भावाभावांचा वाटा, नवरा-बायकोची कुरबुर अशा कितीतरी गोष्टी तिथे चांगल्या मिटतात, कोर्टाचा खर्च वाचतो. त्या बैठकींना माझा विरोध नाही. पण लेकरावरच्या अत्याचाराचा विषय बैठकीत येतो तेव्हा काय ठरतं? आरोपीने माफी मागायची, काही रक्कम द्यायची, काही महिने गाव सोडायचं. कधी तर त्याहून भयंकर, मुलीचा त्याच्याशीच निकाह लावून टाकायचा. मग एक कागद लिहिला जातो, 'गैरसमजातून तक्रार झाली होती.' बापाचा अंगठा, चार साक्षीदार. विषय संपला.

हा कागद कायद्यात कवडीमोलाचा आहे. राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीशी गैरवर्तन केल्याचा गुन्हा होता. मुलीच्या घरच्यांनी स्टँप पेपरवर 'गैरसमज झाला' असं लिहून दिलं आणि हायकोर्टाने गुन्हा रद्द केला. त्या निकालाविरुद्ध गावातल्याच, त्या कुटुंबाशी नातं नसलेल्या लोकांनी सुप्रीम कोर्ट गाठलं. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा आदेश रद्द केला. असा गुन्हा म्हणजे दोन घरांमधला खाजगी वाद नव्हे, तो तडजोडीने मिटवता येत नाही, असं त्या निकालाचं सार आहे. माझ्या मनात राहिले ते अपील करणारे गावकरी. त्यांची मुलगी नव्हती, तरी ते गेले.

पुढची गोष्ट त्याहून मोलाची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 32, नियम 7 आहे. अज्ञान मुलाच्या वतीने जो दावा चालवतो त्याला 'वादमित्र' म्हणतात, बहुधा आई किंवा बाप. या वादमित्रालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही. शेताच्या बांधाच्या दाव्यात बापाला लेकराच्या वतीने परस्पर सही करता येत नसेल, तर लेकराच्या देहावरच्या जुलमाची तडजोड चार बुजुर्ग चहा पिता पिता कशी करणार?

दीनचंही हेच सांगणं आहे. अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क हा फरक आपण लहानपणापासून मदरशात शिकतो. बंद्याचा हक्क मारला तर जोवर तो बंदा माफ करत नाही तोवर सुटका नाही, हे प्रत्येक जुम्याच्या बयानात ऐकतो. मग आठ वर्षांच्या लेकराच्या वतीने माफ करणारे आपण कोण? फिक्हमध्ये शरीराला झालेल्या इजेची भरपाई हा जखमी माणसाचा हक्क मानला आहे, आणि वलीने अज्ञान मुलाचं नुकसान होईल असा व्यवहार करू नये हाही जुनाच नियम आहे. सूरह निसामध्ये इन्साफावर ठाम राहण्याचा हुकूम आहे, तो स्वतःच्या, आईबापाच्या, नातेवाइकांच्या विरोधात जावं लागलं तरीही आहे. लोक 'पर्दापोशी'चा दाखला देतात. पर्दापोशी असते माणसाच्या खाजगी चुकीची. दुसऱ्यावर केलेल्या जुलमावर पांघरूण घालणं म्हणजे जालिमची मदत.

आता ती दारं कुठली, ते एकेक करून पाहू.

पहिलं दार भरपाईचं. पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे आणि तो मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण मुलांवरचे अत्याचार आपण अजून मोजतच नाही. गुन्हा नोंदल्यावर पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. पोक्सोच्या 2020 च्या नियमांनुसार जेवण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती लगेच मदतीची शिफारस करू शकते आणि ती मदत शिफारस मिळाल्यापासून आठवड्याच्या आत द्यायची आहे. गुन्हा नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. त्यासाठी खटल्याचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. अंतिम भरपाई तर आरोपी निर्दोष सुटला, सापडला नाही किंवा ओळखूच आला नाही तरीही देता येते, लेकराचं नुकसान झालेलं कोर्टाला दिसलं म्हणजे झालं. आदेश झाल्यावर राज्य सरकारने 30 दिवसांत पैसे द्यायचे आहेत.

रक्कम ठरवताना काय बघायचं, तेही नियमांत लिहिलंय. इजा किती गंभीर, उपचाराचा खर्च किती, शाळा बुडाली का, अत्याचार एकदाच झाला की अनेकदा, करणारा नात्यातला होता का, गर्भ राहिला का, आजार जडला का, घरची परिस्थिती कशी. म्हणून घरच्यांनी पहिल्या दिवसापासून दवाखान्याच्या पावत्या, एसटीची तिकिटं, शाळेतल्या गैरहजेरीचा दाखला, मजुरी बुडाल्याचे दिवस असं सगळं एका पिशवीत जपून ठेवावं. अपघाताच्या क्लेममध्ये आपण ठेवतोच ना?

महाराष्ट्रात यासाठी 'मनोधैर्य' योजना 2013 पासून आहे. डिसेंबर 2017 मध्ये ती सुधारली, गंभीर प्रकरणांत मदतीची मर्यादा 10 लाख रुपयांपर्यंत नेली आणि मंजुरीचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दिलं. परभणीत हे प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच आहे. कोर्ट स्वतःहून भरपाईचा आदेश द्यायला विसरलं असेल, तर वकिलाने आठवण करून द्यावी. 4 नोव्हेंबर 2024 रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की बालकं आणि स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत सत्र न्यायालयांनी भरपाईचा आदेश द्यावा आणि विधी सेवा प्राधिकरणांनी तो लवकरात लवकर अंमलात आणावा. त्या प्रकरणात खालच्या कोर्टाने शिक्षा दिली होती, भरपाईचं मात्र राहून गेलं होतं. सुप्रीम कोर्टाला हे सांगावं लागलं, यावरूनच ते किती वेळा राहून जातं याचा अंदाज यावा.

दुसरं दार घरातल्या अत्याचारासाठी. करणारा बाप असेल, सावत्र बाप असेल, एकत्र कुटुंबातला चुलता असेल, तर आई म्हणते, मी जाऊ कुठे? 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा नेमका इथे उपयोगी आहे, आणि तो सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे. या कायद्यात दंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात, त्या पुरुषालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात, खर्चाची रक्कम आणि मानसिक छळाची भरपाई ठरवू शकतात, मुलांचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात आणि मुलाला धोका असेल तर बापाची भेटही नाकारू शकतात. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी मदत करतात, सुनावणी बंद दाराआड घेता येते. अर्ज साठ दिवसांत निकाली काढावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, पण अंतरिम आदेश मागता येतो आणि तो मागायलाच हवा.

'मुलं बापाचीच असतात, शरीयत तसं सांगते,' असं म्हणून आईला गप्प केलं जातं. पालक व पाल्य कायदा 1890 चा आहे, तो मुसलमानांनाही लागू आहे, आणि त्यात कोर्ट शेवटी बघतं ते लेकराचं हित. ज्याच्यापासून लेकराला धोका आहे त्याच्या हाती लेकरू सोपवा, असं कुठलं कोर्ट म्हणणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे कुठली शरीयतही म्हणणार नाही.

तिसरं दार नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याचं. अत्याचार करणाऱ्यावर, आणि त्याला नोकरीला ठेवून डोळेझाक करणाऱ्या संस्थेवर. या दाव्यात पुराव्याचं माप फौजदारीइतकं कडक नसतं. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, दिवाणीत कुणाची बाजू अधिक संभवनीय आहे ते बघतात. म्हणून एखादा फौजदारीत संशयाचा फायदा मिळून सुटला तरी दिवाणी दाव्यातही तो सुटेलच असं नाही. मुदतीचंही लक्षात ठेवा. मुदत कायदा 1963 मधल्या कलम 6 आणि 8 मुळे अज्ञान मुलासाठी घड्याळ अठराव्या वर्षी सुरू होतं. अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत धरली, तर लेकराला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत दावा करता येतो. ज्या पोराने बाराव्या वर्षी तोंड उघडलं नाही, त्याला एकोणिसाव्या वर्षी ते उघडता येतं. आरोपी जमीन किंवा दुकान विकून मोकळा होऊ पाहत असेल, तर निकालाआधीच मालमत्तेवर जप्ती मागता येते.

संस्थेच्या जबाबदारीचं एक उदाहरण सुप्रीम कोर्टाच्या 2000 सालच्या निकालात आहे. हावडा स्टेशनच्या यात्री निवासात बांगलादेशातून आलेल्या एका स्त्रीवर बलात्कार झाला. करणाऱ्यांत रेल्वेचे कर्मचारी होते. कोर्टाने रेल्वेने तिला 10 लाख रुपये द्यावेत, हा आदेश कायम ठेवला. ती या देशाची नागरिक नाही, हा बचाव चालला नाही. आपल्याच राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या शालेय वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांची माहिती असून ती दडवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. हायकोर्टाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये तो आदेश फिरवला.

हे मी शाळा, वसतिगृह, खाजगी क्लास आणि मदरसा या सगळ्यांसाठी लिहितोय. मदरशाचं नाव घेतलं की काहींना राग येतो, दुश्मनांच्या हाती कोलीत देता म्हणतात. अमेरिकेत बोस्टनच्या कॅथलिक चर्चलाही अशीच बदनामीची भीती होती. पाद्र्यांच्या नुसत्या बदल्या करत राहिले. 2002 मध्ये वर्तमानपत्राने ते उघड केलं आणि 2003 मध्ये त्या चर्चला पाचशेहून अधिक पीडितांना 8 कोटी 50 लाख डॉलर द्यायला कबूल व्हावं लागलं. तिथे लपवलेले कागद बाहेर काढायला दिवाणी दाव्यांचा मोठा हात होता. झाकल्याने चर्च वाचलं नाही. आपल्या संस्थाही झाकल्याने वाचणार नाहीत. वाचवायच्या असतील तर संस्थाचालकांनी पहिल्या दिवशी स्वतः पोलिसांत जावं. तसंही कलम 19 प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ते दडवलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. म्हणून दिवाणी मार्ग म्हणजे पोलिसांना टाळण्याचा रस्ता, असा अर्थ कुणी काढू नये. तक्रार करायचीच आहे, त्यापुढचं हे आहे.

आता आक्षेप. 'पोरीच्या इज्जतीचे पैसे घ्यायचे का?' हे विचारणाऱ्यांनीच अनेकदा बैठकीत गुपचूप रक्कम ठरवलेली असते. ते पैसे चालतात, कोर्टाने दिलेले चालत नाहीत, हे कसं? बैठकीची रक्कम तोंड बंद करण्यासाठी असते आणि ती लेकराला मिळतच नाही. कोर्टाची भरपाई लेकराच्या नावावर असते, अज्ञान मुलांच्या बाबतीत तिचा मोठा भाग बँकेत मुदत ठेव म्हणून राहतो. 'नाव बाहेर येईल' म्हणाल, तर पोक्सोच्या कलम 23 प्रमाणे मुलाची ओळख छापणं हाच गुन्हा आहे. बैठकीत मात्र नाव सगळ्या मोहल्ल्याला आधीच कळलेलं असतं.

'खर्च कोण करणार?' हा आक्षेप मात्र खरा आहे. पालम किंवा सोनपेठहून परभणीला यायचं म्हणजे आईबापाची दोघांची मजुरी बुडते, आणि ऊसतोडीला गेलेलं घर तर सहा महिने गावातच नसतं. कायद्याचं उत्तर असं, की विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार स्त्री आणि बालक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो आणि कोर्ट फीही प्राधिकरण भरतं. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते. फोनवर विचारायचं तर 15100, आणि लेकरू संकटात असेल तर 1098. दावे रेंगाळतात, आरोपी कफल्लक असेल तर हुकूमनामा हाती राहूनही वसुली होत नाही, हेही खरं. म्हणून अनुभवी वकील सांगतात तो क्रम बरा वाटतो. आधी सरकारी भरपाई आणि संरक्षण, आणि समोर पैसेवाला माणूस किंवा संस्था असेल तर दावा.

आपला समाज यात काय करू शकतो? फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो, सगळ्या धर्मांचे लाखो लोक येतात. तिथे सरबताच्या स्टॉलशेजारी विधी सेवा प्राधिकरणाचा एक टेबल लावायला काय हरकत आहे? जुम्याच्या बयानात वर्षातून दोनदा यावर बोलायला काय हरकत आहे? आपल्यातल्या तरुण वकिलांनी, विशेषतः काळा कोट घालून परभणीच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलींनी, प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव नोंदवावं. आई अम्मीच्या भाषेत बोलू शकेल असा वकील मिळाला तर निम्मी भीती तिथेच जाते.

आणि बैठकीतल्या बुजुर्गांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणी लेकराचं असं प्रकरण घेऊन आलं, तर कागद काढू नका. त्या आईला रिक्षात बसवा, सोबत एक जाणती बाई द्या, पोलीस ठाण्यात तक्रार लिहून होईपर्यंत थांबा, आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीपर्यंत पोहोचवा. अपघातानंतर आपण एवढं तर परक्यासाठीही करतो.